जुन्या गाडीत स्टार्टरचे बटण: सोय की विद्रूपीकरण?

सदाशिवपेठी

माझी फोक्सवॅगन बीटल १९६५ सालची, सहा व्होल्टची आहे. थंड असताना सेल्फ बिनतक्रार लागतो. परंतु कात्रजचा घाट चढून वर दहा मिनिटे थांबलो, की चावी फिरवल्यावर केवळ ‘टक्’ असा आवाज येतो. इग्निशन स्विच झिजला आहे, हे उघड आहे. बाजारातील नवे नकली स्विच हातात घेतल्यावरच विश्वास उडतो. म्हणून चावी इग्निशनपुरती ठेवून सेल्फसाठी डॅशबोर्डवर वेगळे बटण बसवावे, असे माझे मत झाले आहे. यामुळे गाडीचे मूळ रूप बिघडते, हा आक्षेप मला मान्य नाही. कॅडिलॅकने १९१२ मध्ये विजेचा सेल्फ आणल्यानंतर कित्येक वर्षे गाड्या बटणाने, खेचायच्या दांड्याने किंवा दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपप्रमाणे पायाने दाबायच्या खटक्यानेच सुरू होत असत. सुरुवातीच्या बीटलमध्येही बटणच होते.

जसेच्या तसे

इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. सुरुवातीच्या बीटलला बटण होते म्हणून १९६५ च्या बीटलला ते शोभते, असे होत नाही. जॅग्वार ई-टाइपच्या पहिल्या गाड्यांना बटण आहे आणि तिथे ते काढून चावीचा सेल्फ लावणाऱ्यालाही मी विरोधच करीन. शिवाय तुमचा डॅशबोर्ड रंगवलेल्या पत्र्याचा आहे. त्याला एकदा भोक पाडले की ते बुजवले तरी बुजवल्याची खूण राहते. ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनद हेच सांगते, की अपरिहार्य बदल पूर्ववत करता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनीही पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ मानताना ती मूळ रूपात असण्याची अट घातली आहे. लाल दिव्याचे ‘इंजिन स्टार्ट’ बटण लावून आपण त्या रांगेत उभे राहणार आहात का?

सदाशिवपेठी

नियम पूर्ण वाचावा, ही विनंती. त्यात मोठ्या फेरफाराची व्याख्या करताना चासिस, बॉडी शेल आणि इंजिन यांतील बदलांचा उल्लेख आहे. डॅशबोर्डखाली पट्टीवर बसवलेले बटण यांपैकी कशातही मोडत नाही आणि त्यासाठी भोकही पाडावे लागत नाही. लाल दिव्याचा आग्रह माझा नव्हता. साधे काळे बटण पुरे आहे.

नाना पेठेतला वायरमन

आपण दोघेही स्विचच्या रूपावर भांडत आहात, पण दोष स्विचमध्येच आहे हे अजून कोणी तपासलेले नाही. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली आणि सेल्फही मागेच असतो. मात्र सोलेनॉइड (सेल्फवरचा, विजेने ओढला जाणारा खटका) ओढणारा प्रवाह मागून पुढे डॅशबोर्डपर्यंत येतो, चावीच्या स्विचमधून जातो आणि तितकेच अंतर कापून पुन्हा मागे सोलेनॉइडच्या ५० क्रमांकाच्या टर्मिनलवर पोहोचतो. साठ वर्षे जुनी वायर, गंजलेले जोड, त्यात इंजिनच्या उष्णतेने सोलेनॉइडच्या गुंडाळीचा वाढलेला रोध, यामुळे गरम गाडीत खटका पुरेशा जोराने ओढलाच जात नाही. सहा व्होल्टमध्ये हे अधिक जाणवते, कारण एक व्होल्ट वाटेत गळणे म्हणजे सहावा हिस्सा गमावणे. याच वायरीवर केवळ बटण बसवले तर दुखणे तसेच राहील आणि बटणाचे संपर्कही जळू लागतील. उपाय म्हणजे सेल्फजवळ रिले (किरकोळ प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा विजेचा स्विच) बसवणे: त्याच्या ३० क्रमांकाच्या टर्मिनलला बॅटरीचा थेट, फ्यूज असलेला पुरवठा, ८७ वरून सोलेनॉइड, ८६ ला चावीकडून येणारी जुनी वायर आणि ८५ ला अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोड. मग चावीच्या स्विचला केवळ रिलेच्या गुंडाळीपुरता किरकोळ प्रवाह वाहावा लागतो आणि झिजलेला स्विचही बरीच वर्षे काम देतो. रिले सहा व्होल्टचाच घ्यावा. दुकानदार बारा व्होल्टचा हातात ठेवतो, आणि दिव्याच्या बटणांचेही तेच असते.

जसेच्या तसे

हा उपाय मला पूर्ण मान्य आहे, कारण तो दिसत नाही आणि काढता येतो. बटणाविषयी एक व्यावहारिक आक्षेप मात्र कोणी घेतला नाही. अनेक मूळ स्विचमध्ये चावी मागे फिरवल्याशिवाय दुसऱ्यांदा सेल्फ लागू नये असा अटकाव असतो. बटणाला तो नसतो. इंजिन चालू असताना मुलाने सहज दाबले, तर सेल्फचे पिनियन (छोटे दातेरी चाक) इंजिनच्या फिरत्या फ्लायव्हीलच्या (जड चाकाच्या) दात्यांवर घासते आणि खर्च बटणाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. आणि चावीचा स्विचच काढून सुटे टॉगल (वर-खाली करायचे खटके) लावणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. ज्या गाडीत त्याच स्विचला स्टीअरिंगचे कुलूप जोडलेले असते, तिथे ते चोराला दिलेले आमंत्रण आहे.

सदाशिवपेठी

टॉगलच्या बाबतीत आपले एकमत आहे. मुलाचा मुद्दाही रास्त आहे. त्यावर झाकणाचे बटण हा तोडगा निघतो. रिले आधी बसवतो. त्यानंतरही नकली स्विचवर अवलंबून राहण्यापेक्षा मी बटणच पसंत करीन.

नाना पेठेतला वायरमन

रिले घेण्याआधी एक मोजमाप करा. गाडी गरम असताना कोणाला तरी चावी फिरवायला सांगून बॅटरीच्या टोकांवर आणि मग ५० क्रमांकावर व्होल्टेज पाहा. दोन्ही आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला, तर दोष वाटेतला आहे. फरक नसेल, तर सेल्फ उतरवून त्यातील बुश (फिरत्या दांड्याचे आधार) आणि ब्रश (वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) तपासावे लागतील. तिथे चावी आणि बटण दोन्ही निरुपयोगी.