मदत हवी आहे: वाचन आणि तबला, दोन्ही कसं जमवता?
मंडळी, दिवाळी अंक अजून टीपॉयवर तसेच पडलेत. संध्याकाळी तबला काढला की त्यांच्याकडे लक्ष जातं, आणि अंक उघडला तर तीनतालातला कायदा (तबल्यावर वाजवायची एक बांधीव रचना) डोक्यात वाजत राहतो. वर्षाला 50 पुस्तकांचं चॅलेंज सोडून दिलंय. त्यात हजार पानी कादंबरीही एक आणि चाळीस पानी पुस्तिकाही एकच! वेळापत्रक, पहाटे पाचला उठणं, दीडपट वेगाने ऑडिओबुक हे सल्ले कृपया नकोत. रियाज सुटला की बोल अस्पष्ट वाजतात, पुस्तक मात्र थांबतं, म्हणून सध्या झुकतं माप तबल्याला. पण मोठी कादंबरी मध्येच राहिली की कोण कुणाचा मेहुणा हेच विसरायला होतं. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचता, की तसंच पुढे रेटता? एखादा छंद सरळ महिनाभर बाजूला ठेवणारं कुणी आहे का इथे?