मल्टी-कॅरियर ट्रॅकचा प्रोग्रॅम कॅरियरभोवती रचावा की स्टेशनभोवती?

प्रश्न

लिनियर मोटरवर (चुंबकीय बलाने ट्रॅकवरून थेट पुढे ढकलणाऱ्या मोटरवर) चालणाऱ्या एका बंद अंडाकृती ट्रॅकचे नियंत्रण मी सध्या स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये (औद्योगिक कंट्रोलरच्या एका प्रोग्रॅमिंग भाषेत) लिहीत आहे. ट्रॅकची लांबी ६००० मिमी असून त्यावर १२ कॅरियर (उत्पादन वाहून नेणाऱ्या, स्वतंत्रपणे हलणाऱ्या गाड्या) आणि भरणे, तपासणे, झाकण बसवणे व उतरवणे अशी ४ स्टेशने आहेत. प्रत्येक कॅरियरला स्वतंत्र सीक्वेन्स दिलेला आहे, आणि पुढे कोठे जायचे, किती थांबायचे, पुढची जागा मोकळी आहे की नाही, हे सर्व तो सीक्वेन्सच ठरवतो. देखभालीसाठी काढलेला एखादा कॅरियर ट्रॅकवर दुसऱ्या जागी ठेवला गेला, तर काही वेळाने सगळे कॅरियर जागच्या जागी थांबतात आणि कोठेही एरर दिसत नाही. शिवाय शून्य बिंदूजवळ, म्हणजे ट्रॅकवरील स्थानाची मोजणी जेथे सुरू होते तेथे, एखादा कॅरियर मधूनच उलट दिशेने निघतो. या दोन्ही अडचणी रचनेतूनच येत असाव्यात, असे मला वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपला अंदाज पहिल्या अडचणीपुरता बरोबर आहे. सीक्वेन्स कॅरियरच्या क्रमांकाशी बांधलेला असला की नकळत असे गृहीत धरले जाते की क्रमांक ३ नंतर क्रमांक ४ च येणार. ट्रॅकवर कोणालाही दुसऱ्याला ओलांडता येत नाही. त्यामुळे स्टेशन क्रमांक ४ ची वाट पाहत असताना समोर क्रमांक ७ उभा राहिला, तर दोघेही एकमेकांसाठी थांबून राहतात. प्रत्येक अट आपापल्या जागी योग्यच असते, म्हणून एररही येत नाही.

निर्णय स्टेशनकडे सोपवावा. प्रत्येक स्टेशन हा एक फंक्शन ब्लॉक (स्वतःची अवस्था लक्षात ठेवणारा प्रोग्रॅमचा स्वतंत्र भाग) असावा आणि त्याच्या चारच अवस्था असाव्यात: मोकळे, कॅरियर येत आहे, काम चालू, सोडण्यास तयार. जो कॅरियर प्रथम पोहोचेल तो स्टेशनने स्वीकारावा, काम करावे आणि पुढील स्टेशनचे लक्ष्य देऊन त्याला सोडावे. कॅरियरचा क्रमांक हा केवळ डेटाच्या ॲरेतील निर्देशांक राहावा. भरले आहे काय, तपासणीत उत्तीर्ण आहे काय, ही माहिती त्या रेकॉर्डमध्ये असावी. तपासणीत नापास झालेल्या कॅरियरलाही झाकणाच्या स्टेशनवरूनच जावे लागते, पण रेकॉर्ड वाचून ते स्टेशन त्याला काम न करता पुढे सोडू शकते.

रांगेसाठी प्रतीक्षेच्या जागा हाताने आखू नयेत. कंट्रोलरमध्ये टक्कर टाळण्याची सोय असेल, तर मागच्या कॅरियरलाही तेच लक्ष्य द्यावे. किमान अंतर राखून तो आपोआप मागे थांबतो. मात्र अशा कॅरियरची आज्ञा ‘डन’ (पूर्ण) होत नाही, ‘बिझी’च (चालू) राहते. त्यामुळे वेग शून्य झाला म्हणजे कॅरियर पोहोचला, असे कधीही मानू नये. ‘डन’ आणि स्थान ठरावीक मर्यादेत आहे, या दोन्ही अटी तपासाव्यात.

उत्तर २

दुसरी अडचण रचनेची नसून गणिताची आहे. कॅरियर ५९०० वर आहे आणि लक्ष्य १५० आहे. साध्या निरपेक्ष आज्ञेला (‘अमुक स्थानावर जा’ अशा आज्ञेला) लक्ष्य मागे दिसते, म्हणून कॅरियर उलटा निघतो. पुढचे अंतर मॉड्युलो पद्धतीने, म्हणजे ट्रॅकच्या लांबीनंतर मोजणी पुन्हा शून्यापासून धरून, काढावे लागते. येथे एक बारकावा आहे: स्ट्रक्चर्ड टेक्स्टमधील मॉड ही भागाकाराची बाकी काढणारी क्रिया पूर्णांकांसाठी आहे आणि भाज्य ऋण असेल तर बाकीही ऋण येते. १५० मधून ५९०० वजा केल्यावर उणे ५७५० उरतात. त्यात ६००० मिळवले की खरे अंतर, म्हणजे २५० मिमी, मिळते.

याच्या उलट बाजूकडेही लक्ष द्यावे. कॅरियर १५०.०२ वर उभा असताना त्याला १५०.०० हे लक्ष्य पुन्हा दिले, तर पुढच्या दिशेने अंतर ५९९९.९८ मिमी निघते आणि तो पूर्ण फेरी मारू पाहतो. म्हणून मॉड्युलोच्या गणनेत सहनमर्यादा (किती फरक शून्यच मानायचा ती मर्यादा) ठेवणे अत्यावश्यक आहे.

उत्तर ३

वीज गेल्यानंतरच्या सुरुवातीचा विचार आताच करावा, कारण नंतर तो प्रोग्रॅममध्ये बसवणे फार कठीण जाते. स्थान निरपेक्ष मोजले जात असले, तरी कोणत्या स्थानावर कोणता कॅरियर आहे हे त्यावरून कळेलच असे नाही. क्रम बदलत नसल्याने एका कॅरियरची ओळख पटली की उरलेल्यांची पटते; पण ट्रॅक बंद असताना कोणी कॅरियर उचलून हलवला असेल, तर हा आधार खोटा ठरतो. जतन केलेली स्थाने आणि आता आढळलेली स्थाने जुळली नाहीत, तर सर्व रेकॉर्ड ‘अज्ञात’ करून ते कॅरियर कोणतेही काम न करता उतरवण्याच्या स्टेशनकडे पाठवावेत. अर्धवट भरलेले उत्पादन चांगले म्हणून पुढे जाण्यापेक्षा काही नग टाकून देणे केव्हाही परवडते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्टेशनची रचना पटली. झाकण बसवण्याचे स्टेशन मात्र एका वेळी दोन कॅरियर घेते. तेथे काय करावे?

उत्तर १

त्या स्टेशनला दोन लक्ष्यस्थाने द्यावीत आणि पहिल्या आलेल्या कॅरियरला पुढची जागा द्यावी. टक्कर टाळण्यासाठी ठरवलेले किमान अंतर या दोन जागांमधील अंतरापेक्षा कमी असल्याची खात्री करावी. नाही तर दुसरा कॅरियर आपल्या जागेवर कधीच पोहोचणार नाही. सोडताना पुढच्याला आधी आज्ञा द्यावी. बॅचच्या शेवटी एकच भरलेला कॅरियर उरतो तेव्हा जोडीची वाट पाहून स्टेशन थांबून राहते, म्हणून एकट्या कॅरियरवर काम पूर्ण करण्याची वेगळी आज्ञा त्याच फंक्शन ब्लॉकमध्ये ठेवावी.