रेशीमकिड्याला वयानुसार वेगळे तापमान का लागते?

तुतीवाला, हातकणंगले
नमस्कार. आमच्याकडे उसाबरोबर थोडी तुती आहे आणि आम्ही बायव्होल्टाइनच्या (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या जातीच्या) बॅच घेतो. चॉकीच्या, म्हणजे कोवळ्या अळीच्या पहिल्या दोन अवस्थांत (अवस्था म्हणजे दोन कातींमधला काळ) २६ ते २८ अंश तापमान व ८० ते ९० टक्के आर्द्रता, तर शेवटच्या अवस्थांत २४-२५ अंश व ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवावी, असे प्रशिक्षणात सांगतात. आम्ही ते पाळतो; कारण मात्र कोणी सांगत नाही. लहान जीव नाजूक, म्हणून त्याला गारवा हवा आणि मोठा झाला की तो उष्णता सोसेल, असे आपल्याला वाटते. नियम तर नेमका उलटा आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पारा ३५ च्या वर गेला की पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतील अळ्यांचे खाणे कमी होते आणि कोष हलके येतात. यामागचे शरीरशास्त्र कोणी सांगेल काय?

कीटकशास्त्राचा शिक्षक, कोल्हापूर
प्रश्न सहनशक्तीपेक्षा पाण्याचा आणि वाढीच्या वेगाचा आहे. रेशीमकिड्याला स्वतःचे शरीर ठरावीक तापमानावर राखता येत नाही. हवा तापली की त्याच्या पेशींतील क्रियांचा वेग वाढतो. चॉकीत हा वेग फायद्याचा ठरतो, कारण त्या वयात अळीला केवळ खाऊन वाढायचे असते. मात्र वजनाच्या मानाने तिच्या शरीराचा पृष्ठभाग फार मोठा असल्याने त्वचेतून पाणी झपाट्याने उडते. म्हणून उबेबरोबर दमट हवा हवी. चॉकीच्या अळ्यांवर झाकतात त्या पॅराफिन (मेणाच्या) कागदाचा एक उपयोग तोच आहे.

अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोषाला लागेपर्यंत अळीचे वजन सुमारे दहा हजार पट होते, आणि तिथे गणित फिरते. वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी झाल्याने चयापचयाची उष्णता सहज बाहेर पडत नाही, त्यात बेड दाट असतो आणि खाली साचलेली विष्ठा व शिळा पाला ऊब धरतो. आयुष्यभराच्या पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला अळी पाचव्या अवस्थेतच खाते व त्यातून रेशीमग्रंथी भरते. हवा फार तापली तर अन्नाचा मोठा वाटा श्वसनात खर्च होतो, अवस्था लवकर आटोपते आणि ग्रंथी पुरती भरण्याआधीच अळी कोष बांधायला घेते.

आणखी एक बाब. उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटू लागली की ती सावरणारी विशेष प्रथिने पेशी तयार करते. १९६२ मध्ये फेरुच्चिओ रिटोसा यांनी फळमाशीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांवर उष्णतेमुळे आलेले फुगवटे नोंदवले, तेथून या अभ्यासाला सुरुवात झाली. हे बचावाचे काम चालू असताना पेशी नेहमीची प्रथिननिर्मिती आवरती घेते, आणि रेशीम हेही प्रथिनच आहे.

ऊसकरी, शिरोळ
मातीत राहून उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी अळीकडे पाहा. माती सुकली किंवा तापली की ती खोल जाते, आणि तिचे भुंगेरे वळवाचा पाऊस होईपर्यंत जमिनीतच थांबतात. म्हणजे तिची बरीचशी सोय जागा बदलून होते. रेशीमकिडा हजारो वर्षे माणसाने पाळलेला. अळी रॅकवरून फारशी हलत नाही, म्हणून ही सोय शेडने करून द्यायची. आपल्या भागात पाचटाला तोटा नाही; पत्र्यावर त्याचा जाड थर टाकून पाहा.

तुतीवाला, हातकणंगले
दोघांचेही आभार. पाचट टाकतो. गोणपाट ओले करून लावले तर आर्द्रता वाढेल, त्याचे काय? आणि अंडीपुंज (मादीने एकत्र घातलेली अंडी) महिनोन्महिने शीतगृहात टिकतात. अंड्याला एवढी थंडी कशी चालते?

कीटकशास्त्राचा शिक्षक, कोल्हापूर
गोणपाट भर दुपारपुरते लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. हवा खेळती असली की ओलावा साचत नाही. अळ्या चंद्रिकेवर (कोष बांधण्यासाठीच्या चौकटीवर) गेल्यावर मात्र ते काढाच, कारण दमट हवेत बांधलेल्या कोषाचा धागा नीट उलगडत नाही.

सुप्तावस्थेत गेलेल्या अंड्यात भ्रूणाची वाढ थांबते व ग्लायकोजेन या साठवलेल्या पिष्टापासून सॉर्बिटॉल आणि ग्लिसरॉल हे थंडीपासून जपणारे पदार्थ तयार होतात. पुढे ५ अंशांच्या आसपास पुरेसा काळ गेला की सॉर्बिटॉलचे पुन्हा ग्लायकोजेन होते आणि भ्रूण वाढीला सिद्ध होतो. म्हणजे शीतगृहातील थंडी त्याला सोसावी तर लागत नाहीच, उलट ती हवी असते. बायव्होल्टाइनमध्ये अंडी सुप्त होणार की नाही, हे आई स्वतः अंड्यात असतानाच बहुतांशी ठरते: तिला २५ अंश व उजेड मिळाला असेल तर ती सुप्त अंडी घालते, १५ अंश व अंधार मिळाला असेल तर लगेच उबणारी.