निवृत्तीनंतर परदेशात राहायचं आहे; नागपुरातून कोणता व्हिसा जमेल?

त्रिमूर्तीनगर_६१

नमस्कार मंडळी. माझं वय ६१, सौ. ५८. केंद्र सरकारची पेन्शन महिना ६८,०००. लक्ष्मीनगरच्या फ्लॅटचं भाडं १८,०००. एफडी ७० लाखांच्या. काटोलजवळ चार एकर संत्र्याची बाग, वडिलोपार्जित. मुलगा टोरोंटोला असतो. दोन-चार वर्षं बाहेर राहून पाहायचा विचार करून राहिलो. यादीत दुबई, मलेशिया, पोर्तुगाल आणि थायलंड आहेत. तीन प्रश्न: या मिळकतीवर कुठला व्हिसा बसतो? पेन्शन चालू राहते का? आणि इथला टॅक्स, घर, बाग यांचं काय होतं? एजंटकडे जायच्या आधी जाणकारांनी सांगितलं तर बरं.

फाइलवाली

काका, महिन्याची मिळकत मांडताना तुम्ही एफडीचं व्याज धरलंच नाही. सात टक्क्यांनी ७० लाखांचे महिना साधारण ४०,००० होतात. म्हणजे एकूण १ लाख २६ हजार. आता यादी पाहू.

दुबई काढून टाका. रिटायरमेंट व्हिसाला वय ५५ आणि १५ वर्षांची नोकरी लागते, ते तुमचं आहे. पण महिना १५,००० दिरहम उत्पन्न दाखवावं लागतं. दिरहम २४ रुपये धरला तरी ३ लाख ६० हजार झाले. नाहीतर १० लाख दिरहमची ठेव किंवा तेवढ्याची मालमत्ता, म्हणजे २ कोटी ४० लाख. इथून शारजाला थेट विमान आहे म्हणून सगळ्यांच्या तोंडी दुबई असते, पण हिशोब जमत नाही.

मलेशियाचा एमएम२एच ('मलेशिया माय सेकंड होम', दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) २०२४ पासून महाग झाला. सगळ्यात खालच्या सिल्व्हर वर्गालाही दीड लाख डॉलर मुदत ठेव आणि वर सहा लाख रिंगिटचं घर घ्यावं लागतं, व्हिसा मिळतो पाच वर्षांचा. जोहोरच्या विशेष आर्थिक क्षेत्रात ५० वर्षांवरच्यांना ३२,००० डॉलर ठेवीवर जमतं. पण घर तिथेच घ्यावं लागतं, आणि ते पुढे कोण विकत घेईल हा प्रश्न उरतो. अर्ज परवानाधारक एजंटमार्फतच जातो.

पोर्तुगालचा डी७ (पेन्शन-व्याजासारख्या बसल्या मिळकतीवर मिळणारा व्हिसा) तुमच्या अगदी काठावर आहे. निकष तिथल्या किमान वेतनाचा: अर्जदाराचं पूर्ण, जोडीदाराचं निम्मं. २०२५ चं वेतन ८७० युरो होतं, म्हणजे दोघांचे १,३०५. युरो १०० रुपये धरला तर १ लाख ३० हजार. त्या हिशोबानेही तुम्ही चार हजारांनी कमी पडता. तिथलं वेतन दर जानेवारीत वाढतं आणि पेन्शनचा महागाई भत्ता त्याच्या मागे धावत नाही. बागेचं उत्पन्न धरू नका. आंबिया आणि मृग बहाराचा (संत्र्याच्या वर्षातल्या दोन हंगामांचा) हिशोब सातबारा दाखवून व्हिसा अधिकाऱ्याला 'दरमहा उत्पन्न' म्हणून पटत नाही. शिवाय अर्जाआधीच तिथलं बारा महिन्यांचं भाडेकरारपत्र, कर क्रमांक आणि बँक खातं लागतं. व्हिसा नाकारला तर हा खर्च गेला. मिळाल्यावरही सलग सहा महिने किंवा तुकड्यातुकड्याने आठ महिने बाहेर राहिलात तर परवाना धोक्यात येतो. 'हिवाळा नागपुरात, उन्हाळा तिकडे' यात बसत नाही.

राहिलं थायलंड. तिथे महिना ६५,००० बाट उत्पन्न किंवा ८ लाख बाट बँकेत लागतात. बाट पावणेतीन रुपये धरला तर उत्पन्नाची वाट बंद (पावणेदोन लाखांवर जातं), पण ८ लाख बाट म्हणजे २२ लाख, ते तुमच्याकडे आहेत. रस्ते दोन:

ओ-ए व्हिसा इथूनच ऑनलाइन काढायचा. पहिल्या अर्जाला पैसे भारतातल्या बँकेत असले तरी चालतात. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला आणि ३० लाख बाटचा आरोग्य विमा लागतो. दाखल्याच्या नमुन्यात कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग अशी नावं छापलेली आहेत, डॉक्टरने ती एकेक करून लिहून द्यावी लागतात. नुसतं 'फिट' लिहिलेला कागद परत येतो.

नॉन-ओ तिथे जाऊन करायचा. विमा सक्तीचा नाही, पण पैसे थाई बँकेत तुमच्या नावावर, परदेशातून आल्याच्या पुराव्यासह हवेत. राहण्याची मुदत किमान १५ दिवस शिल्लक असताना अर्ज करायचा. आधी ९० दिवस मिळतात, मग १,९०० बाट भरून वर्षाची मुदतवाढ. मुदतवाढीच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने ८ लाख हलवायचे नाहीत. उरलेलं वर्ष ४ लाखांखाली जायचं नाही. लोक इथेच फसतात: मुदतवाढ मिळाली की घरासाठी पैसे काढतात आणि पुढच्या वर्षी पासबुक उघडं पडतं.

वर्षभर पाहायचं असेल तर माझं मत ओ-ए. ७० वयानंतर मात्र विम्याचा हप्ता फार चढतो आणि जुनी बीपी-शुगर वगळली जाते. कायमचं ठरलं तर पुढे नॉन-ओ.

दोन्हीत दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. आणि मुदतवाढीवर असताना री-एंट्री परमिट न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की मुदतवाढ तिथेच रद्द. एका वेळचं १,००० बाट, अनेक वेळचं ३,८००. घरच्या लग्नाला म्हणून घाईत विमान पकडणाऱ्यांचं वर्ष असंच वाया जातं.

सीए_सदर

व्हिसाचं ताईंनी सांगितलं. पण मला विचाराल तर खरा प्रश्न असा, की तुम्ही इथे 'निवासी' राहणार की 'अनिवासी' होणार? व्हिसा त्यानंतर.

आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर आयकरासाठी निवासी. त्याखाली गेलात तर दिवस मोजावे लागतात. फेमाचा (परकीय चलनाच्या कायद्याचा) निकष वेगळा, तो हेतू पाहतो. अनिश्चित काळासाठी बाहेर राहायला गेलात की बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्यायचं असतं.

अनिवासी झाल्यावर काय जातं ते पेन्शनवर पाहा. ६८,००० गुणिले १२ म्हणजे ८ लाख १६ हजार. नव्या करपद्धतीत ७५,००० प्रमाणित वजावट गेली की ७ लाख ४१ हजार. निवासी माणसाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करसूट (रिबेट) मिळते, कर शून्य. अनिवासीला ही सूट नाही. ४ लाखांवरच्या ३ लाख ४१ हजारांवर पाच टक्के म्हणजे १७,०५०, सेस धरून १७,७३२. हा हिशोब नुसत्या पेन्शनचा. व्याज आणि भाडंही तुमच्याच नावावर असेल तर बेरीज १२ लाखांवर जाते आणि निवासी राहिलात तरी ही सूट मिळत नाही.

व्याजाचं दुखणं वेगळं. एनआरओ एफडीवर बँक ३० टक्के आणि सेस, म्हणजे ३१.२ टक्के कापते. 'व्याजावर कर कापू नका' म्हणून ज्येष्ठ नागरिक बँकेला देतात तो फॉर्म अनिवासीला चालत नाही. जास्तीचं रिटर्न भरून परत मिळतं, पण वर्षभर पैसा अडकतो, आणि तुम्ही तर व्याजावर जगायचं म्हणता.

पैसे बाहेर नेताना: निवासी असताना एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची पैसे बाहेर पाठवायची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा, पण राहण्याच्या खर्चासाठी किंवा ठेवीसाठी १० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँक आगाऊ घेते ती रक्कम). तुमचे २२ लाख एकाच वर्षात पाठवले तर १२ लाखांवर २ लाख ४० हजार अडकले. मार्चच्या शेवटी १० आणि एप्रिलच्या सुरुवातीला १२ पाठवलेत तर फक्त २ लाखांवर, म्हणजे ४०,०००. टीसीएस हा कर नव्हे, रिटर्नमध्ये वळता होतो. तरी कशाला अडकवायचा?

फ्लॅट विकायचा मनात असेल तर अनिवासी होण्याआधी विका. ९० लाखांचा धरला तर निवासी विक्रेत्याचा खरेदीदार एक टक्का कापतो, ९०,०००. अनिवासी विक्रेता असेल तर १२.५ टक्के, वर अधिभार आणि सेस, मिळून १४.३ टक्के: १२ लाख ८७ हजार. तेही नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून मिळतो, पण तो येईपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही.

बाग राहू द्या. अनिवासीला शेतजमीन नव्याने विकत घेता येत नाही, आधीची ठेवता येते. कामासाठी घरच्या कुणाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र देऊन जा, आणि त्यात विक्रीचा अधिकार लिहू नका.

पेन्शन चालू राहते, खातं एनआरओ झालं तरी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, तो भारतीय दूतावासातूनही मिळतो. चुकला की डिसेंबरपासून पेन्शन थांबते, दाखला पोचला की थकबाकीसह सुरू होते. तिकडच्या दवाखान्याचा खर्च मात्र सीजीएचएसमधून (केंद्राच्या आरोग्य योजनेतून) निघेल असं धरून चालू नका.

थायलंडबद्दल एक भर: वर्षात १८० दिवस राहिलात की तिथले कर-निवासी होता, आणि २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कर लागू शकतो. भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यातलं सरकारी पेन्शनचं कलम वाचून घ्या.

म्हणून पहिली दोन वर्षं भारतात सहा महिन्यांहून थोडं जास्त आणि बाहेर थोडं कमी असं ठेवा. सगळं निवासीच राहतं.

हिवाळी_पाहुणा

टोरोंटोचा मुलगा कुणी धरलाच नाही! कॅनडाचा सुपर व्हिसा (तिथल्या मुलांच्या आई-वडिलांसाठीचा) पाहा. दहा वर्षांपर्यंतचा, प्रत्येक प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मुलगा तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी हवा, त्याचं उत्पन्न कुटुंबाच्या संख्येनुसार ठरलेल्या मर्यादेवर हवं (मोजताना तुम्ही दोघंही धरले जाता), त्याचं निमंत्रणपत्र, तुमची वैद्यकीय तपासणी आणि किमान एक वर्षाचा एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा. विमा घेताना 'स्थिर आजार' हे कलम नीट वाचा. अलीकडे गोळीचा डोस बदलला असेल तर तो आजार स्थिर धरत नाहीत आणि दावा फेटाळतात.

हा कायमचा निवास नाही. प्रांताचा आरोग्य विमा मिळत नाही आणि नोकरी करता येत नाही. आणि हो, लोक नवतपा टाळायला जातात, मग जानेवारीत नागपूरच्या उन्हाची आठवण काढतात.

वर्धारोड_वाचक

यादीबाहेरचं: नेपाळ. १९५० च्या करारामुळे भारतीयांना व्हिसा लागतच नाही, आणि १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी हा दर बांधलेला आहे. मॉरिशसमध्येही ५० वर्षांवरच्यांसाठी निवृत्तांचा परवाना आहे, आणि तिथे मराठी घरंही आहेत. दरमहा ठरलेले डॉलर तिथल्या बँकेत पाठवत राहावे लागतात, एवढी अट आहे.

त्रिमूर्तीनगर_६१

सगळ्यांचे आभार. थायलंड वर्षभर आणि सुपर व्हिसा, दोन्हीची तयारी करतो. एक अडचण: लग्न १९९१ चं, नोंदणी झालेली नाही. पत्रिका आणि फोटो आहेत. पत्रिकेत सौ.चं माहेरचं नाव, पासपोर्टवर लग्नानंतर बदललेलं.

फाइलवाली

काका, ही अडचण तुमच्या वयाच्या निम्म्या जोडप्यांची आहे, आणि याच्यावरच फायली अडतात. जोडीदार म्हणून व्हिसा घ्यायचा तर विवाह प्रमाणपत्र हवंच. नाहीतर काकूंच्या नावावर वेगळे ८ लाख बाट दाखवावे लागतील.

महापालिकेच्या झोन कार्यालयात उशिराची नोंदणी होते. तुमचा पत्ता ज्या झोनमध्ये तिथे जा. नमुना 'ड' चा अर्ज, दोघांचे वय आणि पत्त्याचे पुरावे, पत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. गुरुजी हयात नसतील तर काय चालेल ते आधी खिडकीवर विचारा आणि तसं प्रतिज्ञापत्र करा. दोघांनी स्वतः जायचं, विलंब शुल्क भरायचं.

नावाची गोष्ट त्याआधी. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायचे. अर्जावर 'माहेरचं नाव' आणि 'लग्नानंतरचं नाव' हे दोन्ही रकाने पासपोर्टच्या स्पेलिंगप्रमाणे भरा, एका अक्षराचा फरक नको. शाळेच्या टीसीवर जुनं नाव असेल तर राज्य राजपत्रात नावबदल करून ठेवा, तो अर्ज ऑनलाइन होतो. तुमच्या पासपोर्टवर जोडीदाराचं नाव कसं आहे तेही पाहा. नसेल किंवा जुनं असेल तर पासपोर्ट आधी नवा करा.

प्रमाणपत्र हातात आलं की मुंबईला मंत्रालयातलं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का. पोर्तुगालसारख्या देशांना परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (करारातल्या देशांत चालणारा साक्षांकनाचा शिक्का) पुरतं, दुबईला दूतावासाचाही लागतो. एजंट एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) शिक्क्याचा जवळचा रस्ता सांगतात, पण काही दूतावास तो मानत नाहीत आणि सगळं पुन्हा करावं लागतं. मूळ कागद लॅमिनेट केलेला असेल तर शिक्का बसत नाही, म्हणून दुकानात नेऊ नका.

पोलीस पडताळणीचा दाखला सगळ्यात शेवटी काढा. पासपोर्टच्या पोर्टलवर ५०० रुपये भरून अर्ज होतो. बरेच दूतावास तो ठरावीक महिन्यांपेक्षा जुना घेत नाहीत, आणि विवाह प्रमाणपत्राच्या फेऱ्यांत तेवढे महिने सहज जातात.