मदत हवी आहे: मुदत गेली, आता मुलांचं काम कुठं मांडायचं?

तासिका_भौतिक

नमस्कार. लवकर उत्तर हवंय, सोमवारी प्राचार्यांना काहीतरी सांगायचं आहे. मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत राबून मोजमाप केलं, वही भरून आकडे आहेत, आणि आता कळतंय की नावं पाठवायची मुदत संपली. परिपत्रक आलं होतं म्हणे. आमच्यापर्यंत आलंच नाही. स्पर्धा असो, शिबिर असो, फेलोशिप असो, नोटीस बोर्डावर कागद लागतो तोवर तारीख उलटलेली असते. नुकसान मुलांचं होतं आणि विचारणारं कोणी नाही.

दोनच गोष्टी विचारते. हे काम आता कुठं मांडता येईल? आणि मुलांना हेच वस्तीत जाऊन लोकांना सांगायचंय, तो कार्यक्रम कोणाच्या नावावर केला तर त्यांच्या पदरात काही पडेल? "वेबसाइट बघा" एवढं सोडून काहीही सांगा.

केगावकर

मॅडम, कसली नावं? युवा महोत्सव, आविष्कार संशोधन स्पर्धा, की आणखी काही? मुलं पदवीची की पदव्युत्तर? कोणती वस्ती, मोजलंय काय? यातलं एकही न सांगता उत्तर कसं द्यायचं?

पार्क_चौक

विद्यापीठाच्या वेबसाइटवर परिपत्रकांचा वेगळा विभाग आहे, तिथं सगळं मिळतं.

जुने_प्राध्यापक

तुम्ही तासिका तत्त्वावर आहात असं नावावरून दिसतं. मोठा म्हणून सांगतो, आधी नेट किंवा सेट काढा. झालं असेल तर पीएच.डी.ला नोंदणी करा. मुलांच्या प्रकल्पात वर्षं घालवलेली पुढं मुलाखतीत कोणी विचारत नाही. ऑनलाइन कोर्सचं स्वयम् पोर्टल २०१७ पासून चालू आहे, एनपीटीईएलचे कोर्स करा. शिक्षकांसाठीचे मालवीय मिशनचे रिफ्रेशर कोर्स ऑनलाइन असतात, तेही करून ठेवा, कायम झाल्यावर पदोन्नतीला उपयोगी पडतात.

तासिका_भौतिक

सर, सेट झालेली आहे. माझ्या नोकरीबद्दल मी विचारलेलं नाही.

केगावकर, आविष्कारच. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची मुलं आहेत. यंत्रमागाच्या कारखान्यांतला आवाज मोजलाय, आपल्या सोलापुरातली अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि अशोक चौकाच्या मागचा भाग. माग चालू असताना आकडा नव्वद डेसिबलच्या खाली येतच नाही. टेरी टॉवेलचे माग, चादरीचे जेकार्ड, दोन्हीकडं हेच.

अभियंता_सातरस्ता

कशानं मोजलं?

तासिका_भौतिक

मोबाइलवरच्या ॲपनं.

अभियंता_सातरस्ता

मग एका अर्थी मुदत गेली ते बरं झालं, कारण परीक्षकानं पहिला प्रश्न हाच विचारला असता. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की तो दाबून टाकतो, आणि प्रत्येक कंपनीच्या फोनचा आकडा वेगळा येतो. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं मोफत ॲप त्यातल्या त्यात भरवशाचं आहे, पण ते फक्त आयफोनवर चालतं. साउंड लेव्हल मीटर मिळवा, मोजण्याआधी आणि मोजल्यावर कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेला आवाज देणारं उपकरण, लावून तपासा, आणि रीडिंग 'ए' वेटिंगवर, म्हणजे माणसाच्या कानाला जुळणाऱ्या मापावर घ्या. मुलांची मेहनत वाया गेली असं मी म्हणत नाही. कुठं उभं राहून, किती माग चालू असताना, कोणत्या वेळी मोजलं हे वहीत असेल तर त्याच जागी मीटरनं पुन्हा मोजता येईल.

रासेयो_बार्शी

मी कार्यक्रम अधिकारी होतो, अनुभवानं सांगतो. आविष्कार विसरा आणि हे सगळं रासेयोत, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत घाला. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, वर सात दिवसांचं निवासी शिबिर. वस्तीतलं सर्वेक्षण हे आमचंच काम. १९६९ पासून हेच करतोय.

केगावकर

सर, शिबिराला बहुतेक वेळा दत्तक गाव असतं. हे कारखाने तर शहरात आहेत. शिवाय मुलं रासेयोत आहेत का, हे त्या बोलल्याच नाहीत.

रासेयो_बार्शी

नियमित उपक्रम शहरातल्या वस्तीतही घेता येतात. आम्ही आषाढीला पंढरपुरात स्वच्छतेला मुलं नेतो ती काय शिबिर म्हणून नेतो का?

तासिका_भौतिक

रासेयोत नाहीत. जागा भरल्या होत्या.

केगावकर

आता नीट सांगतो. दुसरं वर्ष म्हणालात ना? मग ही मुलं नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत आहेत. त्यात दुसऱ्या वर्षाला फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट या दोन गोष्टी श्रेयांकासह, म्हणजे क्रेडिटसह आहेत. एका श्रेयांकाला साधारण तीस तासांचं काम धरतात. म्हणजे तुमच्या मुलांनी जे केलंय ते फील्ड प्रोजेक्ट, आणि वस्तीत जाऊन सांगायचंय ते कम्युनिटी एंगेजमेंट. त्यासाठी बाहेरच्या कोणाचं नाव लागत नाही. विभागप्रमुखांना आजच लेखी द्या, तासांची नोंदवही ठेवा, फोटोवर तारीख येऊ द्या. कित्येक कॉलेजांत मुलं या विषयाला नेटवरून उतरवलेला अहवाल जोडतात. तुमच्याकडं खरं काम आहे.

आणि परिपत्रकाची वाट बघत बसू नका. तारखा बदलतात, महिने फारसे बदलत नाहीत. आविष्कार हिवाळ्यात असतो, त्याची तयारी पावसाळ्यात सुरू व्हायला हवी. बेंगळुरूची विज्ञान अकादमी आणि तिच्या सोबतच्या दोन राष्ट्रीय अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात, त्यात विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही अर्ज करता येतो. आठ आठवडे एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. आपल्या जिल्ह्यातून फार थोडी मुलं भरतात, कारण वर्गात कोणी सांगतच नाही. हे महिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून टाका आणि जुलैत वर्गात वाचून दाखवा.

समाजशास्त्र_२०१४

आविष्कारला पुढच्या वर्षी जाणार असाल तर गट विचार करून निवडा. सहा गट असतात. तुम्ही शुद्ध विज्ञानात घालाल आणि तिथं मागं पडाल. हा विषय मानव्यविद्येचा आहे, कामगारांच्या मुलाखती घ्या.

अभियंता_सातरस्ता

मुलाखती चांगल्याच, पण भौतिकशास्त्राच्या मुलांनी मोजमाप सोडून मानव्यविद्येत का जावं? अभियांत्रिकीत टाका. आवाज कमी करण्याचा उपाय दाखवा, मागाखाली रबराचे पॅड बसवून आधीचं आणि नंतरचं रीडिंग घ्या.

समाजशास्त्र_२०१४

पॅडचा खर्च कोण करणार? कारखानदार?

अभियंता_सातरस्ता

एका मागाला करून दाखवायला कितीसा खर्च येतो!

विणकर_पोर

तुम्ही लोक गटावर भांडायलात. मी त्याच भागातला आहे, दोन शब्द लिहितो.

माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात होते. बारा तासांची पाळी. तिथं कोणी बोलत नाही, ओठ आणि हात बघून कळतं. दोन बोटं हलवली की कांडी संपली, तळहात उभा केला की माग थांबव. कानात सुताचा बोळा घालून काम करायचे, त्यानं काही होत नाही. घरी आले की टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा. आम्हाला वाटायचं वयानं झालं. डॉक्टरांनी तपासल्यावर कळलं की बारीक आवाज आधी गेले, मग बाकीचे. आई हाक मारायची ते कळायचं, काय म्हणायली ते कळायचं नाही.

मॅडम, तुम्ही वस्तीत जाऊन नव्वद आणि शंभरचे आकडे सांगितले तर लोक मान डोलवतील आणि घरी जातील. कान तपासून द्या. आणि तेलुगूत सांगा. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना मराठी कळतं, पण दुखणं त्या तेलुगूतच सांगतात.

तासिका_भौतिक

तुमचं वाचून मुलांना फोन केला. त्यांनाही हेच हवंय. कान तपासायचं कसं जमवायचं?

सिस्टर_सिव्हिल

सिव्हिलच्या नाक-कान-घसा विभागाला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाची शिकणारी मुलं शिबिरांना येतात. पण दोन गोष्टी आधी समजून घ्या. ऑडिओमेट्रीला, म्हणजे यंत्रानं ऐकू येणं तपासायला, शांत खोली लागते. कारखान्याशेजारच्या मंडपात ती होणारच नाही, सुट्टीच्या दिवशी शाळेची आतली खोली बघा. दुसरं, माणूस पाळी संपवून थेट आला तर कान तात्पुरते सुन्न असतात आणि निकाल खोटा येतो. आवाजापासून निदान चौदा तास लांब असलेल्या माणसाची तपासणी करतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळीच ठेवा. एवढी सोय नाहीच झाली तर डॉक्टर कानात मळ, पू, पडदा एवढं तरी बघतील. तेही कमी नाही, मळानं बहिरे झालेले कितीतरी निघतात.

अभियंता_सातरस्ता

याला जोडून सांगतो, पोस्टरवर हे घाला. आपल्याकडं कारखान्यांसाठी चालत आलेली मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे. ९५ असेल तर चार तास, १०० असेल तर दोनच. बारा तासांची पाळी या तक्त्यात बसतच नाही. नायॉशवाले तर आठ तासांना ८५ च्या वर जाऊ देत नाहीत. आणि कान पहिल्यांदा ४००० हर्ट्झच्या आसपास जातो, विणकर_पोर यांनी "बारीक आवाज आधी गेले" म्हटलंय ते हेच.

जुने_प्राध्यापक

कारखानदार आत येऊ देणार नाहीत. एकदा आले तर दुसऱ्यांदा नाही. उगाच मुलांना कोणाच्या अंगावर घालू नका.

विणकर_पोर

सर, मुलं आत जाऊनच मोजून आलीत की.

समाजशास्त्र_२०१४

जुन्या सरांची भीती अगदीच चुकीची नाही. कारखान्याचं किंवा मालकाचं नाव कुठंही येता कामा नये, पोस्टरवर तर नकोच. "आठ मागांचा कारखाना, पत्र्याचं छत" एवढंच लिहा. कामगारांची संमती त्यांना समजेल अशा भाषेत घ्या, आणि नाही म्हणणाऱ्याला पुन्हा विचारू नका. एखाद्याची नोकरी गेली तर पदक घेऊन काय करायचं?

शेंगा_चटणी

तारीख कधी धरताय? जानेवारीच्या मध्यात ठेवू नका, सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा असतो. अक्षता सोहळा, नंदीध्वजांची मिरवणूक, सगळं शहर तिकडं. त्यानंतर हुरड्याचे दिवस.

पार्क_चौक

यंदा हुरडा कुठं चांगला मिळतोय? मंगळवेढ्याकडं कोणी गेलंय का?

शेंगा_चटणी

मंगळवेढ्याच्या ज्वारीला तोड नाही. वेगळा धागा काढा, सांगतो.

केगावकर

तारखेचं मी सांगतो. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन, कॉलेजला तसाही काही कार्यक्रम घ्यावाच लागतो. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. या दोन तारखांना जोडून बसवा. विज्ञान दिनाला कॉलेजात पोस्टर, ३ मार्चच्या आगेमागे सुट्टीच्या सकाळी वस्तीत तपासणी. प्राचार्यांना वेगळी परवानगी मागितल्यासारखं वाटणार नाही.

सिस्टर_सिव्हिल

आणि त्या भागात पाणी कधी सुटतं ते बघून घ्या. रोज येत नाही. पाण्याच्या सकाळी दार सोडून कोणी येणार नाही, बाया तर नाहीच. आमचं एक शिबिर असंच रिकामं गेलंय.

रासेयो_बार्शी

मीटर आणि स्वयंसेवक दोन्ही मिळतील, तुमच्या कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला बरोबर घ्या. मुलं रासेयोत नसली तरी चालेल, आमची पोरं खुर्च्या मांडतील, नावं लिहून घेतील. त्यांचेही तास भरतील.

तासिका_भौतिक

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी प्राचार्यांसमोर ठेवायचं ते असं: मुलांचं मोजमाप फील्ड प्रोजेक्ट म्हणून नोंदवायचं, मीटर मिळवून त्याच जागी पुन्हा मोजायचं, विज्ञान दिनाला पोस्टर, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात कान तपासणी. सिव्हिलचं पत्र मी स्वतः घेऊन जाईन, टपालात टाकणार नाही. आविष्कारला पुढच्या वर्षी जाऊ, मुलं तेव्हा तिसऱ्या वर्षाला असतील. गटाचं तोवर ठरवू. मुलांचा कल अभियांत्रिकीकडं नाही, एवढं मात्र आत्ताच सांगते.

तीन गोष्टी अजून हव्यात. कॅलिब्रेटर कोणाकडं आहे का? त्या भागातल्या एखाद्या शाळेची खोली सुट्टीच्या दिवशी मिळेल का? आणि संमतीचा कागद तेलुगूत कोण लिहून देईल?

अभियंता_सातरस्ता

मीटर आणि कॅलिब्रेटर आमच्या प्रयोगशाळेतून देतो, पण मुलांनी आधी येऊन शिकून जावं. शनिवारी दुपारी मोकळा आहे. रबर पॅडचा विचार सोडू नका एवढंच.

विणकर_पोर

कागद मी लिहितो. पण वाचता न येणारे बरेच आहेत, तेव्हा तपासणीच्या दिवशी मी दारात बसून वाचून दाखवतो. शाळेचं आमच्या गल्लीतल्या मास्तरांना विचारून उद्या सांगतो. पाण्याचा दिवस पण त्यांनाच विचारतो.

पार्क_चौक

फेलोशिपचा अर्ज बी.कॉम.वाल्यांना चालतो का? बहिणीसाठी विचारतोय.

केगावकर

नाही, ती विज्ञान आणि अभियांत्रिकीकडच्यांसाठी आहे. बहीण कोणत्या वर्षाला आहे?