गिफ्ट : भेट, विष की लग्न?

भाच्याने जर्मनीहून एक फोटो पाठवला. दुकानाच्या फळीवर ठेवलेला डबा, त्यावर उंदराचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'राटनगिफ्ट'. सोबत त्याचा शेरा : "मामा, इथे उंदरांनाही गिफ्ट देतात!"

देतात खरं, पण मारायला. जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष. विषारी साप तो 'गिफ्टश्लांगे'. भेटवस्तूला शब्द वेगळाच, 'गेशेंक'.

इंग्रजी गिफ्ट आणि जर्मन गिफ्ट हे योगायोगाने सारखे दिसणारे दोन शब्द असावेत असं आधी वाटतं. तसं नाही, शब्द एकच. इंग्रजी 'गिव्ह', जर्मन 'गेबन' ही क्रियापदं ज्या जुन्या जर्मॅनिक (म्हणजे या भाषांच्या सामायिक कुळातल्या) धातूची, त्याच धातूचं हे नाम. गिफ्ट म्हणजे 'देणं'. आता काय दिलं, कुणाला दिलं, यावर एकेका भाषेने आपला वेगळा संसार मांडला.

स्वीडिशमध्ये तर दोन संसार एकाच घरात. तिथे उच्चार साधारण 'यिफ्ट'. नाम म्हणून वापरलं तर विष, विशेषण म्हणून वापरलं तर विवाहित! 'ऊयिफ्ट' म्हणजे अविवाहित आणि 'ऊयिफ्तिग' म्हणजे बिनविषारी. यावर स्वीडिश लोक काय काय विनोद करत असतील ते सांगायला नको. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही हेच दोन अर्थ नांदतात.

लग्नाचा अर्थ मराठी माणसाला तरी समजावून सांगावा लागू नये. "धाकटी कुठे दिली?" "साताऱ्याला दिली." मुलगी 'देणं' म्हणजे तिचं लग्न लावणं. जुन्या नॉर्समध्येही, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतही, असंच मुलगी 'द्यायचे'. जुन्या इंग्रजीत तर 'गिफ्ट' म्हणजे वधूसाठी मोजायचं मोल, आणि उच्चारही 'य'च्या जवळचा. आजचा खणखणीत 'ग' आणि भेटवस्तूचा अर्थ यांमागे व्हायकिंगांच्या भाषेचा हात आहे. जर्मनमध्ये या जुन्या अर्थाचा एक अवशेष उरलाय : 'मिटगिफ्ट', म्हणजे मुलीच्या सोबत दिलेलं, हुंडा. गंमत लिंगाची. विष आज नपुंसकलिंगी, हुंडा अजून स्त्रीलिंगी. (हुंड्यात विष दडलंय हे आपण म्हणायचं; व्युत्पत्ती तसं म्हणत नाही.)

डच मंडळी व्यवहारी. 'खिफ्ट' म्हणजे देणगी, विषाला 'खिफ' किंवा 'फरखिफ'. तरी 'खिफ्तिग' म्हणजे विषारीच.

पण 'देणं'चं विष झालं कसं? इथे ग्रीक येते. ग्रीकमध्ये 'दोसिस' म्हणजे देणं, आणि वैद्यांच्या तोंडी एका वेळी द्यायची औषधाची मात्रा. लॅटिनमधून पसरलेला हा शब्द म्हणजे आपला 'डोस'. जर्मनने त्याच धर्तीवर आपल्या 'गिफ्ट'ला मात्रेचा अर्थ दिला. मात्रा जीवघेणीही असू शकते, आणि 'विष' हा शब्द तोंडाने उच्चारायला माणूस कचरतोच. हळूहळू सौम्य शब्दाने कडू अर्थ गिळला. फ्रेंच 'प्वाझाँ'चंही तेच : मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता 'पेय'.

जाता जाता : 'दोसिस'मधला धातू तोच, जो संस्कृत 'दा'. म्हणजे डोस, दान आणि आपलं देणं ही भावंडं. गिव्ह-गेबनचा वंश वेगळा. आणि 'विष'चं युरोपातलं सख्खं भावंड कोण? लॅटिन 'व्हायरस'.

आपण जर्मनांना हसावं अशी मात्र परिस्थिती नाही. गावाकडे "त्याने औषध घेतलं" असं कुणी दबक्या आवाजात सांगितलं, की कुठलं औषध ते विचारावं लागत नाही. भाच्याला मी एवढंच लिहिलं : तुझी आजी त्याच डब्यासाठी वाण्याकडे काय मागायची, आठव. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "उंदराचं औषध."