इलेक्ट्रिक बाइक, जुन्या बिल्डिंगचं वायरिंग: प्लग तापतो, चार्जरला झिणझिण्या येतात

पर्वतीकर:
नमस्कार. पुण्यात १९९४ सालच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गाडी तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये. इलेक्ट्रिक मोटारसायकल आहे, बॅटरी ४ किलोवॅट-तास. चार्जरवर 'इनपुट २३० व्होल्ट, ८ अँपिअर' असं छापलंय, प्लग १६ अँपिअरचा. पार्किंगमध्ये आमच्या मीटरवरचा दिव्याचा बोर्ड आहे, त्यातल्या लहान सॉकेटमध्ये कन्व्हर्टर (मोठा प्लग लहान सॉकेटला जोडणारा अडॅप्टर) घालून चार्ज करतो. पूर्ण चार्जला तीन तास लागतात, पण तासाभरात कन्व्हर्टर हात धरवत नाही इतका तापतो. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. चार्जरच्या अॅल्युमिनियम बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात.

वायरमन म्हणतो, "घरात गिझर चालतो ना, मग हे का नाही चालणार? गॅलरीतून एक्स्टेन्शन सोडा." चार्जर चालू असतानाची मल्टिमीटरची रीडिंग: फेज-न्यूट्रल २२६ व्होल्ट, फेज-अर्थ ११६, न्यूट्रल-अर्थ ११०. काय करावं?

अडीच_स्क्वेअर:
आधी त्या बोर्डावरचं चार्जिंग बंद करा, मग पुढचं वाचा.

गिझरचा दाखला इथे चालत नाही. २ किलोवॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, पण १५-२० मिनिटांत थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. सॉकेटचे पत्रे तापायला लागतात तोवर करंट थांबलेला असतो. तुमचा चार्जर ८ अँपिअर सलग तीन तास ओढतो. त्यामुळे जो लूज कॉन्टॅक्ट गिझरखाली वर्षानुवर्षं खपून गेला, तो इथे महिन्याभरात काळवंडतो.

दिव्याच्या बोर्डातलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं. त्यात कन्व्हर्टर घातला की पितळी पत्र्यांचे दोन जोड एकामागे एक येतात. समजा जोडाचा रोध ०.४ ओहम झाला. ८ गुणिले ८ गुणिले ०.४ म्हणजे जवळपास २५ वॅट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत. सोल्डरिंग आयर्नचं टोक एवढ्यावरच शिसं वितळवतं. तापलं की पत्र्याचा ताण जातो, पकड सैल होते, रोध वाढतो, आणखी तापतं.

एमसीबी का पडत नाही, तर त्याच्या दृष्टीने करंट आठच अँपिअर आहे. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरलाही तासभर न पडता राहू शकतो, एमसीबीच्या मानकानुसार ते बरोबरच आहे. तो वायरचा राखणदार आहे. सॉकेटच्या आत काय जळतंय ते त्याला दिसत नाही.

एक्स्टेन्शनचा विचार सोडा. बाजारातल्या साध्या बोर्डाची वायर बहुधा पाऊण स्क्वेअरची (०.७५ चौरस मिमी जाडीची) असते. २० मीटर लांबीला जाऊन-येऊन ४० मीटर तांबं, रोध साधारण १ ओहम, म्हणजे ६० वॅटच्या वर उष्णता. वायर पसरलेली असेल तर ती हवेत जाते. उरलेली वायर गुंडाळून खिळ्याला टांगली की आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन मऊ पडतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही गाडीच्या चार्जिंग केबलला वाढीव केबल जोडायला मनाई आहे.

फेज_न्यूट्रल_अर्थ:
वर तापण्याचं आलं, पण मला त्या रीडिंगची जास्त काळजी वाटते. ११६ आणि ११० म्हणजे तुमच्या सॉकेटची अर्थिंग कुठेच जोडलेली नाही. चार्जरच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून (वीज आणणारी वायर) बॉडीला, एक न्यूट्रलकडून (परतीची वायर) बॉडीला. अर्थिंग तुटली की बॉडी बरोबर मधोमध, व्होल्टेजच्या निम्म्यावर तरंगते. झिणझिण्या त्याच्याच. त्या करंटने सहसा इजा होत नाही, पण आत फेजची वायर बॉडीला टेकली तर पूर्ण २३० बॉडीवर येणार आणि ते जमिनीत न्यायला वाट नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस हीच मग वाट.

अर्थिंग नीट असेल तर फेज-अर्थ हे फेज-न्यूट्रलच्या जवळपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवं.

एक जुगाड बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो कोणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा: सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तार मारणे. मल्टिमीटरवर सगळं झकास दिसतं, झिणझिण्याही जातात. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की चार्जरची बॉडी थेट फेजवर येते.

मीटररूम:
करायचं काय, ते सांगतो. लाइन फ्लॅटमधून खाली आणू नका. तुमचा मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये असेल, तर तुमच्याच मीटरच्या पुढून स्वतंत्र लाइन काढा, म्हणजे युनिट तुमच्याच बिलात येतील. मीटरचं सील वायरमनने तोडायचं नाही, जोड मीटरनंतरच्या मेन स्विचवर घ्यायचा.

तिथे छोटा डीबी (स्विचांचा डबा): १६ अँपिअर सी-कर्व्ह डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी आणि २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). आरसीसीबी 'टाइप ए'च हवा, नियमातही गाडीच्या चार्जिंगसाठी किमान तोच मागितला आहे. दुकानदार न विचारता 'टाइप एसी' देतो. तोंडावरचं चिन्ह बघा: चौकोनात नुसती नागमोडी रेघ असेल तर एसी, तिच्याखाली तुटक अर्ध्या लाटाही असतील तर ए. चार्जरमधून गळणारा करंट निव्वळ एसी नसू शकतो, आणि तसा करंट एसी टाइपला पकडता येईलच असं नाही.

वायर तांब्याची एफआर (सहज पेट न घेणारी). २५ मीटरपर्यंत अडीच स्क्वेअरने व्होल्टेज ड्रॉप फक्त ३ व्होल्ट येतो, चालेल. तरी मी चारची घेईन, उद्या मोठा चार्जर आला तर पाइप पुन्हा फोडावा लागत नाही. अर्थची हिरवी वायर त्याच पाइपातून, मध्ये जोड न देता.

सॉकेट निळ्या रंगाचं १६ अँपिअर इंडस्ट्रियल, झाकणवालं, किंवा निदान एअर कंडिशनरसाठी मिळतो तो मेटल बॉक्स. इंडस्ट्रियल घेतलं तर चार्जरला तसाच प्लग लागेल. तो वॉरंटी बिघडवत नाही ना, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. उंची जमिनीपासून किमान ८०० मिमी, पाइप बॉक्समध्ये खालून ग्लँड (भोक घट्ट बंद करणारी बुशिंग) लावून घ्या. वरून घेतला तर पावसाचं पाणी पाइपाच्या कडेने थेट टर्मिनलवर उतरतं.

फिटिंग करताना समोर उभे राहा. चारच्या मल्टिस्ट्रँड वायरचं टोक टर्मिनलमध्ये बसत नाही म्हणून चार-सहा तारा कापून बसवतात. तिथेच पुढे जळतं. पिन लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची पिन) क्रिंप करून, म्हणजे दाबून, घ्यायचा. महिन्याभराने एमसीबी बंद करून स्क्रू पुन्हा आवळा, तांबं दबून ते थोडे सैल होतात.

पर्वतीकर:
सगळ्यांचे आभार. दोन शंका. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात गाडीच्या चार्जिंगला वेगळं कमर्शियल कनेक्शन लागतं. आणि शेजारच्या विंगमध्ये आरसीसीबी बसवला तो लोड टाकला की लगेच पडतो, म्हणून त्यांनी काढून टाकला.

मीटररूम:
स्वतःची गाडी घरच्या चालू कनेक्शनवर चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार परवानगी आहे. सोसायटीकडून फक्त भिंतीवरून पाइप न्यायची परवानगी घ्या. अर्जासोबत लाइनचा नकाशा आणि परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडला की निम्मे आक्षेप तिथेच मिटतात. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' बघा. २ किलोवॅट असेल तर वाढवून घ्या, गिझर आणि चार्जर एकदम चालले तर तो ओलांडला जातो.

फेज_न्यूट्रल_अर्थ:
त्या विंगमध्ये दोषी आरसीसीबी नसून न्यूट्रल कॉमन असणार. जुन्या बिल्डिंगमध्ये एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल सर्रास असतो. आरसीसीबी जाणारा आणि परतणारा करंट तोलून बघतो, परतीचा दुसऱ्या वाटेने गेला की त्याला ती गळतीच वाटते. तुमची लाइन मीटरपासून स्वतंत्र असली की हा प्रश्नच येत नाही. त्यांना मात्र तो परत बसवून न्यूट्रल वेगळा करायला सांगा.

आणखी एक: आरसीसीबीवरचं 'टेस्ट' बटण अर्थिंग तपासत नाही, अर्थिंग नसली तरी ते दाबल्यावर पडतं. नवीन अर्थ रॉड ठोकला तर अर्थ टेस्टरने मोजून आकडा रिपोर्टवर लिहून घ्या. पावसाळ्यात आकडा कमी येतो, म्हणून पुन्हा एकदा मे महिन्यात मोजा. आणि तो रॉड बिल्डिंगच्या मूळ अर्थिंगला जोडलेला हवा, एकटा सोडू नका.

अडीच_स्क्वेअर:
गाडीबद्दल थोडं. घाटातून किंवा उन्हातून आल्यावर पाऊण तास तरी थांबा, गरम बॅटरीवर चार्जिंग तिचं आयुष्य खातं. चार्जर सीटवर किंवा कव्हरखाली ठेवू नका, सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवा आणि पंख्याची जाळी मोकळी राहू द्या. बॅटरी निघणारी असेल तर ती फ्लॅटच्या दाराशी किंवा जिन्यात कधीही चार्ज करायची नाही, धूर झाला तर बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी चार्जिंगला लावूच नका. धूर दिसला तर मीटर रूममधून एमसीबी बंद करा, लोकांना बाहेर काढा आणि १०१ लावा.

नवीन लाइन सुरू झाली की पहिल्या चार्जिंगला एका तासाने प्लग आणि एमसीबीला हात लावून बघा. कोमट ठीक. हात धरवत नसेल तर तिथेच थांबा आणि तो जोड उघडा.